खळदकरांनी पास केलेली तलवार

आमचे शेजारी खळदकर काका पहिल्या भेटीत मला नमस्कार म्हणाले नाहीत. त्यांनी आमच्या पाण्याच्या पिंपाला चुंबक लावून पाहिलं.

धायरीच्या त्या नव्या इमारतीत आमचं सामान चढत होतं. जिन्यात पिंप टेकवलं होतं. समोरचं दार उघडलं, लेंगा-बनियनमधले एक उंच गृहस्थ बाहेर आले, खिशातून चुंबक काढून पिंपाला लावलं. ते चिकटलं.

"हलकं स्टील. फसवलं तुम्हाला," ते म्हणाले. "मी खळदकर. चहा घेणार?"

पिंप माझ्या सासऱ्यांनी दिलं होतं. बायको महिनाभर त्या माणसाशी बोलली नाही.

खळदकरांनी उमेदीची सारी वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्यात घालवली होती. पुढे कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि काका घरी बसले. घरी बसले ही आपली बोलायची पद्धत. आधी ते फक्त कारखान्याचा माल तपासायचे, आता सगळ्या पुण्याचा तपासू लागले. ते दिवसच असे होते, की प्रत्येक घरात रोज काहीतरी नवीन येत होतं. कुणाचा फ्रीज, कुणाचा कॉम्प्युटर, कुणाची हप्त्यावरची गाडी. खोकं जिन्यात आलं, की काका हजर. दार वाजवून बघणार, सांध्यावर बोट फिरवणार आणि शेवटी निकाल देणार, "माल पास नाही." एकदा सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींना पोथी वाचताना मध्येच थांबवलं होतं. म्हणे, मागच्या वर्षीपेक्षा एक पान कमी झालं. गुरुजींनी पान उलटून पाहिलं, तर खरंच दोन पानं चिकटलेली.

मी वाशीमकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच, आणि हे सांगायला मला अजूनही आवडतं. खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी आहे, हे ऐकून काकांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आपण एकाच जातीचे. इन्स्पेक्टर."

"तसंच म्हणा."

"पण तुमच्या मालाला चुंबक लागत नाही. मग तपासता कशाने?"

मी सांगितलं, वापरून बघतो, मोडतोय का ते. त्यांना हे पटलं नाही. "मोडल्यावर कळून काय उपयोग?" असं म्हणून ते आत गेले.

त्यांच्या घरात दोनच माणसं. ते आणि मुलगी मृणाल. मृणाल शाळेत असतानाच काकू गेल्या. मग वेणीफणी, डबा, अभ्यास, सगळं काकांनी केलं. दोन वेण्या घातल्या, की दोन्हींची लांबी पट्टीने मोजायचे, असं मृणालच सांगायची. एक जरा आखूड निघाली, की दोन्ही सोडून पुन्हा घालायच्या. शाळेला उशीर झाला तरी चालेल. ही मुलगी पुढे लष्करात अधिकारी व्हायला निघाली आणि चेन्नईच्या प्रशिक्षणाला गेली, तेव्हा तिला तिथली शिस्त सौम्य वाटली असेल.

तिच्या दीक्षान्त संचलनाच्या वेळी नेमकी काकांना कावीळ झाली. जाता आलं नाही. त्या दिवशी मी ताक घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हाच तिचा फोन आला. त्या तुकडीत जो सर्वांत उत्तम ठरतो, त्याला मानाची तलवार देतात. मृणाल दुसरी आली होती. तलवार दुसऱ्या कुणाला मिळाली.

काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "दुसरी? कुठं कमी पडलीस?"

पलीकडून "ठेवते, बाबा," एवढं आलं.

त्यानंतर तिचे फोन आखडले. बरी आहे, जेवले, थंडी आहे. संपलं. पहिली सुट्टी मिळाली ती तिने मैत्रिणीकडे काढली. दुसऱ्या सुट्टीत येते म्हणाली, पण दोनच दिवस. ते कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, काकांनी आमची बेल दाबली. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खिशात चुंबक.

"चला. तलवार घ्यायची आहे."

"कसली?"

"लष्करी. समारंभाची. खरी. तिला द्यायला."

मी कारण विचारलं नाही. बायकोने मात्र आतून ऐकलं आणि चहा न मागता आणून दिला.

आधी जुना बाजार. तिथे एकाने पोत्यातून तलवार काढली आणि म्हणाला, "पेशवाईतली हाय, काका."

काकांनी मूठ उलटी केली. "पेशवाईत स्टारचा स्क्रू होता का?"

"त्यांनी नंतर बसवून घेतला असंल."

तिथून कसबा पेठेत. एका नातेवाइकाने सांगितलेल्या दुकानात नाटकाचे कपडे आणि हत्यारं भाड्याने मिळत. मालकाने विचारलं, "मावळ्याची हवी की राजाची? मावळ्याला लाकडी, राजाला पत्र्याची."

"खरी नाही ठेवत?"

"खरी दिली तर नट मरतील हो. आधीच मिळत नाहीत."

काका वैतागायला हवे होते. पण त्यांना चेव चढत गेला. दर रविवारी आम्ही स्कूटरवरून निघायचो आणि खरं सांगायचं तर मलाही मजा येऊ लागली होती. ऑफिसात मी तलवारीबद्दलच बोलायचो. शेवटी माझ्याच एका सहकाऱ्याने पत्ता दिला. वानवडीला एक निवृत्त कर्नल राहत होते. घर आवरून ते मुलाकडे बंगळुरूला निघाले होते आणि तलवार कुणातरी चांगल्या माणसाला द्यायची होती.

कर्नलसाहेबांनी मखमली आवरणातून तलवार काढून टेबलावर ठेवली, तेव्हा काका खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. पोलादी म्यान, पात्यावर कोरलेलं राजचिन्ह, मुठीवर माशाच्या कातड्याचं आवरण आणि त्यावर बारीक तार. चुंबक लावलं, चिकटलं; इथे ते चिकटायलाच हवं होतं. भिंगातून कोरीवकाम पाहिलं. पातं वाकवून सोडलं, ते सरळ झालं. मग काकांनी धारेवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्यावर पातं चालवलं. कागद चुरगळला, कापला गेला नाही.

"माल पास नाही," काका म्हणाले. "धार नाही."

कर्नलसाहेब हसले. "अहो, ही सलामीची तलवार. हिला धार नसतेच. भाजी कशाने चिरता तुम्ही?"

खळदकर पहिल्यांदाच कुठल्या तपासणीत नापास झाले. पण ते इतके खूश होते, की त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"कुणासाठी घेताय?" कर्नलसाहेबांनी विचारलं. काकांनी सगळं सांगितलं. दुसरी आल्याचं सांगितलं, फोनवर आपण काय बोललो तेही. मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

कर्नलसाहेबांनी पातं म्यानात सारलं. मग म्हणाले, "घेऊन जा. माझी काही हरकत नाही. पण बक्षीस म्हणून देऊ नका. जी हुकली ती तलवार विकत मिळत नाही, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तिला वाटेल, बापाला अजूनही ती कमीच वाटते."

काकांनी मान हलवली. घासाघीस न करता पैसे दिले. हेही पहिल्यांदाच.

येताना मी स्कूटर चालवत होतो आणि मागे काका चादरीत गुंडाळलेली तलवार उभी धरून बसले होते. स्वारगेटजवळ हवालदाराने अडवलं.

"यात काय?"

"तलवार," काका म्हणाले.

हवालदाराने चादर सोडली, पातं बाहेर काढलं, अंगठा फिरवला. "धार नाही हिला."

"सलामीच्या तलवारीला धार नसते," काका त्याला म्हणाले. "पोलिसात आहात आणि एवढंही माहीत नाही? माझी मुलगी लष्करात अधिकारी आहे."

हवालदाराने राजचिन्हाकडे पाहिलं, पातं जपून म्यानात घातलं आणि चादर स्वतः गुंडाळून दिली. "जा साहेब. आडवी नका धरू फक्त, लोकांना लागंल."

मृणाल येईपर्यंत काकांनी काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. माझ्यासमोर दोनदा म्हणूनही दाखवलं. देशसेवा, अभिमान, आईची आठवण. दोन्ही वेळा मध्येच थांबले आणि म्हणाले, "नाही. हे पास नाही."

ती सकाळी आली. केस बारीक कापलेले, रंग रापलेला. मला बघून हसली, वडिलांना वाकून नमस्कार केला. बॅग दारातच ठेवली, आत नेली नाही. काकांनी तलवार आणून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. मी निघालो होतो, पण काकांनी माझा दंड धरून ठेवला होता.

मृणालने तलवारीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा आवळला. "ही कशाला, बाबा?"

घोकलेलं एकही अक्षर काकांना आठवलं नाही. ते खिशात हात घालून, काढून, पुन्हा घालून उभे राहिले.

"मला येत नाही वापरता," शेवटी ते म्हणाले. "सलामी कशी देतात, ते शिकव. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. मला तुझं बघायचं राहिलं."

हा माणूस कुठल्याही वस्तूबद्दल 'मला येत नाही' म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मृणालने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तलवार उचलली आणि गच्चीचा जिना चढू लागली. आम्ही मागोमाग.

गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया कडेला सारून तिने आधी स्वतः करून दाखवलं. पातं वर आलं, हनुवटीपाशी थांबलं, मग उजव्या अंगाने सर्रकन खाली गेलं. उन्हात त्याची रेघ दिसली. काका टाळ्या वाजवणार होते, पण तिने तलवार त्यांच्या हातात दिली.

"आता तुम्ही. टाचा जुळवा. कोपर आत. आत, बाबा. हे काय धरलंय, लाटणं आहे का ते?"

काकांनी पुन्हा केलं. चुकलं. तिने त्यांचं मनगट धरून सरळ केलं, चार पावलं मागे सरकून डोळे बारीक करून पाहिलं.

"परत."

काकांनी परत केलं. बनियन घामाने भिजलं होतं. खाली त्यांच्या गॅसवर कुकर शिट्ट्या देत होता, तरी दोघांपैकी कुणी हललं नाही. मीच खाली गेलो, गॅस बंद केला, आणि दारातली तिची बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.