बोरकर मिस्त्री आणि सुएझचा कालवा

विहिरीत बादली पडली की बालाघाटातली माणसं गळ टाकून ती काढत. बोरकर मिस्त्री गळाला हात लावत नसत. सायकलच्या जुन्या ट्यूबा घेऊन ते विहिरीत उतरत, बुडी मारून त्या बादलीला बांधत आणि लांब नळी जोडून आम्हांला वरून पंप मारायला लावत. "ओढू नका तिले! हवा द्या, हवा!" बादली खरंच वर यायची. तोवर गल्लीतल्या बायका दुसऱ्या विहिरीवरून पाणी आणून, स्वयंपाक उरकून, मिस्त्रींच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळ्या झालेल्या असत.

मिस्त्री माझे शेजारी. तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत पंप चालवायचे, सुट्टीला घरी यायचे. त्याआधी, लढाईच्या दिवसांत, मुंबईच्या गोदीतल्या मोठ्या स्फोटात बुडालेली जहाजं वर काढणाऱ्या टोळीत होते. मी शाळामास्तर, म्हणून त्यांना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे.

छप्पन साली सुएझच्या कालव्यात मुद्दाम जहाजं बुडवून वाट बंद केली गेली. त्याच सुमारास नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात उरलो. सगळं गाव त्यावर भांडत होतं. मिस्त्री म्हणाले, "राज्य कुठी पळून जाते? तिकडं नहर बंद होऊन राह्यली!"

लोक हसले. पण खाणीतला माल त्याच कालव्यातून जायचा विलायतेला. तिरोडी स्टेशनावर ढीग चढले, पाळ्या कमी झाल्या, मिस्त्री घरी येऊन राहिले, गावातल्या दगड निवडणाऱ्या बायका घरी बसल्या, तेव्हा हसणं थांबलं. कालव्याची किल्ली मिस्त्रींच्याच खिशात असल्यासारखे सगळे त्यांना विचारू लागले, "मिस्त्री, कधी खुलते?"

मिस्त्रींनी चौकातल्या चहावाल्याच्या टाकीत त्याच्याच कपबशा बुडवल्या आणि गिऱ्हाइकांच्या हाती नळ्या दिल्या. "हे इजिप्तचं जहाज. तू इकडून फुक. तू तिकडून."

"अन् माही केटली कोन्या देशाची?" चहावाला रडकुंडीला आला.

"ते बेवारस आहे. अखेरीले काढू."

मग त्यांनी तिकडच्या जहाजं काढणाऱ्यांना मला पत्र लिहायला लावलं. "लिहा गुरुजी, एकदम उचलू नका. चिखल धरून ठेवते. पयले एक बाजू हलवा." पत्ता विचारला, तर म्हणाले, "सुवेज लिहा. पोष्टवाल्याले ठाऊक असन." उत्तर आलं नाही. पण पुढं एक जहाज निघाल्याची बातमी आली, तेव्हा मिस्त्रींनी गल्लीत पेढे वाटले. पत्र पोचलं होतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कालवा खुला झाला. चौकात लोकांनी मिस्त्रींना हार घातला. तिथून ते थेट माझ्या ओट्यावर येऊन बसले. गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला.

"गुरुजी, एक काम होतं. मायले पेपर वाचून दाखवा. म्हणा, अजून एक जहाज आडवं आहे."

"ते काहून?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ सुदामा जहाजावर खलाशी होता. गोदीत ते जहाज बुडालं, त्यात तो गेला. मिस्त्री त्या टोळीत शिरले ते त्याच्यासाठी. "जहाज वर आलं का पयले मीच आत जाओ. तीन सालं. नाई भेटला." आईला त्यांनी सांगितलं होतं, सुदामा परदेशी जहाजावर आहे. दरवर्षी नवं कारण शोधावं लागे. यंदा सोपं होतं. नहर बंद होती.

"आता पुरं गाव तिले सांगून राह्यलं, नहर खुलली. सकाळपासून इचारते, सुदामा कधी येते म्हून."

"मग ती बंदच राहावी असं नाही वाटलं तुम्हांला?"

"कसं वाटन गुरुजी? त्या बायकाइच्या घरी चुली पेटत नव्हत्या."

मी गेलो. म्हातारी अंगणात सुपातल्या तुरीच्या डाळीतले खडे काढत होती. मी पेपर उघडला आणि त्यात नसलेली बातमी वाचली: एक मोठं जहाज अजून चिखलात रुतून आहे, वाट अडली आहे. आवाज शाळेत असतो तसा ठेवायचा प्रयत्न केला.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग दारात उभ्या असलेल्या मिस्त्रींकडं पाहिलं.

"मंग तूच जाय न. एवढे जहाजं काढले तू. सुदामासाठी एक नाई काढता येत तुले?"

"हौ माय, जातो," मिस्त्री म्हणाले आणि सूप पुढ्यात ओढून खडे वेचायला बसले.