नारळ न फोडता थांबलो

गाडी नीट चालली की लिंबाजी मिस्त्रीचं तोंड उतरायचं.

आपण गाडी दुरुस्तीला टाकतो, मिस्त्री एक फेरी मारून येतो, ‘चालतेय की छान’ म्हणतो आणि आपला जीव भांड्यात पडतो. लिंबाजी फेरी मारून यायचा, दार लोटायचा, डोक्याचा रुमाल सोडून झटकायचा आणि सुतकी आवाजात म्हणायचा, “चालली.” कुणाच्या घरी वाईट बातमी घेऊन जावं तसा. उलट गाडी भर रस्त्यात अडली की हा माणूस टाळी वाजवत खाली उडी मारायचा. “आला! मुजरिम हाजिर झाला!”

तरुणपणी तो हैदराबादेत एका वकिलाच्या गाडीवर होता. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. वकीलसाहेब कोर्टात असले की हा एक तर गाडीखाली, नाहीतर कोर्टात शेवटच्या बाकावर. त्यामुळे मिस्त्रीकाम आणि कायदा त्याच्या अंगात एकदमच भिनले होते. बिघाड म्हणजे मुजरिम. आवाज, वास आणि धूर हे गवाह. बिघाड दिसला नाही तर, “आज गैरहाजिर. फुडली तारीख.” गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, “अरे, पण उघडून तर बघ!” त्यावर ठरलेलं उत्तर, “पुरावा असल्याबिगर कुनाच्या घराची झडती घ्यायची न्हाई.”

देवगाव फाट्यावर आमच्या शेताच्या बांधाला लागून त्याचं पत्र्याचं शेड होतं. जागा माझ्या थोरल्या चुलत्यांची. त्यांना सगळे अण्णा म्हणत. लिंबाजी आमच्याच गावचा, ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. फाट्यावरच्या हॉटेलात त्याचा कप बाहेर वळचणीला ठेवलेला असे. त्याचा तोच धुऊन तो परत तिथं ठेवी. मी ते रोज बघत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो.

अण्णांची गाडी हैदराबादच्या कुठल्याशा नवाबाच्या देवडीतून आणलेली, जुनी, लांबलचक, अमेरिकन. तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. पंचक्रोशीत कुणाचा यावर विश्वास बसत नसे. लोक खिडकीतून वाकून बघत, अण्णांचा डावा पाय नुसता पडलेला दिसे आणि त्यांना अण्णांच्या तब्येतीची काळजी वाटे. त्या गिअरबॉक्सचं कळायचं एकट्या लिंबाजीला. सगळा जिल्हा सकाळी, इंजिन गार आणि बंद असताना तेलाची काडी काढून बघणारा. ह्या गाडीच्या गिअरचं तेल लिंबाजी मात्र गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून बघायचा. लोक हसले की म्हणायचा, “ही मेमसाब हाय. झोपंत नाडी बघू देत न्हाई.”

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. गावात माणसं एकमेकांशी तोलूनमापून बोलत होती. ओढ्याच्या ह्या बाजूचा त्या बाजूला जात नव्हता. तशात लिंबाजीने गाडीचं गिअरचं तेल बदललं आणि आठवड्याच्या आत गाडी घसरायला लागली. म्हणजे इंजिन गरजायचं, पण गाडी पुढं सरकायची नाही. तेही रोज नाही. कधीतरी. लिंबाजीसमोर तर कधीच नाही.

“मुद्दाम केलंय,” अण्णा चारचौघांत म्हणाले. “आजकाल लय चढलीय ह्यांना. लिंब्या, दहा दिवस देतो. काय झालंय ते दाखव, न्हाईतर तुझे पत्रे उचल.”

आता मी पंधरा वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. गाडी मी ठोकली होती.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा. झरीची एक मुलगी मला दाखवून झाली होती आणि मला ती पुन्हा एकदा, निदान लांबून तरी, बघायची होती. तेल बदलल्यावर दोनच दिवसांनी अण्णा परभणीला मुक्कामी गेले, त्या दिवशी मी गाडी काढली. येताना फाट्यावर कुणी बघू नये म्हणून मुरमाच्या खाणीकडच्या कच्च्या रस्त्याने घातली. मधेच खालून धाड्‌ असा आवाज आला. उतरून बघितलं, कुठं गळत नव्हतं. गाडी धुतली, जागेवर लावली. बोललो असतो तर मला अण्णांच्या चार शिव्या बसल्या असत्या. नाही बोललो तर लिंबाजीचं छप्पर जाणार होतं. मी नाही बोललो.

लिंबाजीने पेन्सिल आणि वही घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तो गाडीत राहायलाच आला. अण्णा जातील तिकडं हा मागच्या सीटवर, मांडीवर वही. “कुनी बोलू नका, गवाह बोलायलाय,” असं म्हणून तो भल्याभल्यांना गप्प करी. गाडी बहुधा मीच चालवायचो, म्हणून ती वही मला अजून आठवते. ‘सोमवार. सकाळ. अण्णा एकटे. चालली.’ ‘मंगळवार. सकाळ. परत एकटे. चालली.’ खाली त्याचा एक लांब सुस्कारा असावा अशी रेघ.

बुधवारी दुपारी अण्णा, दोन पाहुणे आणि सरकीची चार पोती घेऊन आम्ही जिंतूरला निघालो. अलीकडच्या चढाला लागलो आणि गाडी गरजून जागच्या जागी राहिली. पाहुणे घाबरले. मागून टाळी ऐकू आली. “हाजिर! लिवून घ्या, हाजिर!” सगळ्यांनी गाडी ढकलून कडेला घेतली.

तिथं कडेला म्हसोबा आहे. अण्णा गंभीर चेहऱ्याने उतरले, टपरीवरून नारळ आणला, फोडला, खोबरं वाटलं आणि गाडीत बसले. गाडी तुरुतुरू चढ चढून गेली.

“बघितलं?” अण्णा म्हणाले.

“बघितलं,” लिंबाजी म्हणाला आणि वहीत लिहिलं, ‘नारळ फोडला. चालली.’

पुढच्या खेपेला तेच. चढाशी घसरली, नारळ फोडला, चालली. अण्णांनी डिकीत नारळांचं पोतंच टाकून ठेवलं. फाट्यावर बातमी पसरली की अण्णांच्या गाडीला म्हसोबा लागलाय. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! देवावर गेलं म्हणजे माझ्यावर येत नव्हतं, आणि लिंबाजीवरही नाही.

पण लिंबाजीला ते पटेना. सातव्या दिवशी गाडी घसरल्यावर तो अण्णांना म्हणाला, “आज नारळ फोडू नका. नुस्तं बसा. पाव घंटा.”

अण्णा कुरकुरत बसले. पाव तासाने गाडी चालू केली. चढली. वहीत, ‘नारळ न फोडता थांबलो. चालली.’

आठव्या दिवशी त्याने कमालच केली. चढाला गाडी कुरकुरायला लागली, मी ब्रेकवर पाय नेला तसा तो ओरडला, “थांबू नका, भाऊ! ऐक्सिलेटर तसाच ठेवा!” आणि खिडकीतून अंग बाहेर काढून त्याने म्हसोबासमोरच्या दगडावर नारळ नेम धरून हाणला. फुटला. दोन भकलं झाली. आणि गाडी पाच हात पुढं जाऊन गरजत उभी राहिली. ‘नारळ फोडला, थांबलो न्हाई. घसरली.’

“देवाची परीक्षा घेतोस का रे, लिंब्या?” अण्णा ओरडले.

“देवाची न्हाई, अण्णा. नारळाची.”

दहाव्या दिवशी सकाळी त्याने शेडपुढं गाडीची पुढची चाकं दोन ओंडक्यांवर चढवली, खाली गोणपाट अंथरलं आणि म्हणाला, “अण्णा, झोपा.”

“मी?”

“फिर्याद तुमची. पंचनामा तुमच्याच डोळ्यानं व्हायला पायजे.”

अख्खा फाटा जमला होता. पांढऱ्या धोतरातले अण्णा गाडीखाली सरकले. बाहेर नुसते त्यांचे पाय. लिंबाजी उभा, हातात बॅटरी, आवाज वकिलाचा.

“गिअरबॉक्सच्या बुडाला तेलाचं चपटं भांडं हाय. चेंबर म्हनत्यात. हात लावा. सपाट हाय का?”

थोडा वेळ पाय नुसते हलले. मग खालून आवाज आला, “आत गेलंय रे. पोचा पडलाय.”

“आत जाळी हाय, तिच्यातून तेल वढतंय. बूड वर दाबलं, जाळीचं तोंड दबलं. तेल गार हाय तवर भागतंय. तापून पातळ झालं, वर वझं आन्‌ चढ, की लय तेल लागतंय. वाट बारकी, मिळत न्हाई. पाव घंटा निवू द्या, परत चालतीय. मंग नारळ फोडा, न्हाईतर इडी वढा.”

“लिंबाजी,” अण्णा गाडीखालून म्हणाले. लिंब्या नाही, लिंबाजी. “हे दगडानं झालंय.”

“मी बी तेच म्हनायलोय.”

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग तो स्वतः वाकला आणि पोच्यावर नख घासलं. नखात पिवळा मुरूम आला. आमच्याकडची माती काळी, सडक डांबरी. पिवळा मुरूम फक्त खाणीच्या रस्त्यावर. मी गर्दीत एक पाऊल मागं सरकलो. त्याची नजर सगळ्यांवरून फिरली, माझ्यावर क्षणभर थांबली, निदान मला तसं वाटलं. चेहऱ्यावरचा सगळा आनंद गेला. “कुठला रे दगड?” अण्णांनी विचारलं. त्याने नख पायजम्याला पुसलं. “दगड काय, कुठला बी असंल.”

दुपारपर्यंत त्याने चेंबर काढून ठोकून सरळ केलं. संध्याकाळी नऊ माणसं कोंबून गाडी तो चढ न थांबता चढली. अण्णांनी चालत्या गाडीतूनच म्हसोबाला हात जोडले. सगळे ओरडत होते. लिंबाजी मागं गप्प बसून होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडचे पत्रे उचलायला लागला. अण्णा स्वतः गेले, राहा म्हणाले. त्याने ऐकलं नाही. बैलगाडीत सामान भरून जिंतूरला गेला. मी मनात त्याला फार मोठं केलं. त्याने मला वाचवलं, वर ताठ मानेने जागाही सोडली, अशी गोष्ट मी रचली. त्या गोष्टीत माझं मौन जरा सुसह्य व्हायचं.

विद्यापीठाच्या नावाची घोषणा झाली त्या आठवड्यात मी जिंतूरला त्याच्या गॅरेजवर गेलो. अण्णा वारले होते. बाजारात निळा गुलाल उडत होता. लिंबाजी पांढरा झाला होता, पण गॅरेज मोठं, हाताखाली चार माणसं. चहा झाला. मग मी म्हणालो, “मिस्त्री, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?”

“काय?”

“तो दगड. मी होतो.”

त्याने पाना खाली ठेवला. “तुमी? खानीच्या रस्त्यानं?”

“हो. झरीहून येताना.”

“आवाज आला?”

“धाड्‌ असा.”

“उतरून बघितलं?”

“बघितलं. आणि गाडी धुतली.”

तो टायरवर बसला. मग म्हणाला, “भाऊ, तेल बदलून मी बी त्याच रस्त्यानं फेरी मारली होती. खालून खडं वाजलं. मी उतरलो न्हाई. तो मुरूम बघितला आन्‌ म्हनलं, लिंबाजी, तूच केलंस आन्‌ मालकाला गाडीखाली झोपवून वाहवा घ्यायलायस. खोटं जितलं म्हनून पत्रे उचलले.” मग जरा थांबून, “तसं तुमच्या अण्णाच्या जागंत ऱ्हायचं बी नव्हतं मला. ते येगळं.”

म्हणजे त्याने मला वाचवलंच नव्हतं. मी त्याला फसवलं होतं, तेही त्याच्याच जिंकलेल्या दिवशी.

“पंधरा वर्सं, भाऊ,” तो म्हणाला. मी शिव्यांची वाट बघत होतो. आणि तो ताडकन उठला, रुमाल सोडून हवेत फिरवला आणि रस्त्यावर जाऊन ओरडला, “मी न्हाई! मी न्हाई ठोकली!” जाणाऱ्या पोरांना वाटलं हा नामांतराचाच जल्लोष. त्यांनी त्याच्यावर गुलाल उधळला. एकाने खांद्यावर घेतला. सत्तरीला आलेला मिस्त्री निळ्या गुलालात माखून हसत होता.

खाली उतरला तसा त्याने माझं मनगट धरलं आणि मला गॅरेजमागच्या घरात नेलं. भिंतीवर त्याच्या बायकोचा फोटो होता. हार ताजा होता, फोटोही जुना नव्हता.

“गाडी मीच ठोकली म्हनून हिला येकलीलाच सांगितलं होतं मी,” तो म्हणाला. “कदी टोचून बोलली न्हाई. पन तिला ते खरंच वाटलं. मागल्या दिवाळीला गेली.”

मी हाराकडे बघितलं.

“सांगा,” तो म्हणाला.

मी सांगितलं.

“जरा मोठ्यानं सांगा, भाऊ. तिला कमी ऐकू येतंय.”

मी चपला काढल्या, फोटोसमोर नीट उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं.