झिपरोबाचं बॉनेट

लेकींनो, मी एकदा चहा सोडला. ह्यांनी सुटे भाग मागवून अंगणात मोटार जोडायला घेतली होती. मी देवीपुढे बोलून बसले, बॉनेट बसेपर्यंत चहाला शिवणार नाही. तो चहा अजून सुटलेलाच आहे. पण माझं राहू दे. गोष्ट ऐका.

एका जंगलात झिपरोबा नावाचं अस्वल राहत होतं. त्यानेही घरच्या घरी मोटार जोडली होती. चाकं आली, इंजिन आलं, गादी आली. राहिलं बॉनेट. मूळ बॉनेट महाग, म्हणून त्याने पलीकडच्या जंगलातून दुसऱ्याच कुणी बनवलेलं फायबरचं मागवलं. ते लाल होतं, चकचकीत होतं आणि एका बाजूने बोटभर जास्त होतं.

"कड घासा ना जरा," अस्वलीण म्हणाली.

"अगं, रंग जाईल. बाहेरचा माल आहे. उन्हात ठेवला की आपोआप बसतो."

अस्वलीण भाविक. ती वनदेवीला नवस बोलली, बॉनेट बसेपर्यंत मध वर्ज्य. आणि नेमका मधाचा हंगाम.

बॉनेट उन्हात राहिलं, मग सावलीत राहिलं. शेजारचे कोल्हेभावजी बघायला आले. बॉनेटवरच बसले, वाटीभर मध चाटला आणि म्हणाले, "वहिनी, श्रद्धा हवी."

अस्वलीण वाळत चालली. झिपरोबा गुटगुटीत झाला, कारण तिच्याही वाटचा मध आता त्याचाच होता. एका सकाळी तो बोटं चाटत म्हणाला, "तुझ्या नवसाने घरात काय बरकत आली आहे."

"आणि बॉनेट?"

"घाई कसली? देवीचं काम आहे."

अस्वलिणीने देवळात जाऊन हात जोडले. "आई, माझ्याच उपासात काही कमी पडलं असेल. घरधन्याच्या उपासाचं पुण्य मोठं. बॉनेट बसेपर्यंत आता हे मध सोडतील. त्यांच्या वाटचा मी प्रसाद म्हणून घेईन."

घरी येऊन तिने ते नवऱ्याला सांगितलं.

"मला न विचारता?"

"बोलून बसले खरी. आता देवीला शब्द दिलेला मोडायचा कसा?"

झिपरोबाने एकदा मधाच्या मडक्याकडे बघितलं. मग उठला आणि कानस शोधली. बोटभर कड घासली, भोकं मोठी केली, बोल्ट आवळले. दिवेलागणीला बॉनेट बसलं. कडेचा रंग गेला होता, तिथे अस्वलिणीने कुंकवाचं बोट ओढलं. लालात लाल मिसळून गेलं.

झिपरोबा मडक्याकडे धावला. मडकं रिकामं होतं.

"अहो," अस्वलीण ओठ पुसत म्हणाली, "प्रसाद शिळा ठेवू नये."

तात्पर्य: देवी नवसाला पावतेच. फक्त नवस आपण बोलावा आणि उपास नवऱ्याला घडवावा.

आमचं बॉनेट अजून पडवीत भिंतीला टेकून उभं आहे. आज सांजवात लावली की मी देवीपुढे ह्यांचा चहा सोडणार आहे. लेकींनो, तुमच्याही घरी काही अडलं असेल, तर एवढं कराच.