तांडेल सड्यावर का बसतो?

आप्पा शेट्ये स्वतःबद्दल फार कमी बोलत. दिवसाकाठी चार-पाच तास. "निरीक्षण, तर्क आणि मौन हे तिन्ही गुण एका माणसात शंभर वर्षांतून एकदा उतरतात," ते सांगत. "या खेपेला ते रत्नागिरीत उतरले, आणि रत्नागिरीला त्याचा पत्ता नाही." पत्ता लागावा म्हणून त्यांनी घरावर 'गुप्तहेर' अशी ठळक पाटी लावली होती, आणि ती रस्त्यावरून दिसावी म्हणून दारातल्या रामफळाच्या दोन फांद्या तोडल्या होत्या.

हे सगळं ऐकून घेणं लवूकडे असे. लवू शिंपी होता, चाळिशीचा होता आणि आप्पांचा मेव्हणा होता. पहिल्या दोन गोष्टींतून त्याला वाट काढता आली असती.

वैशाखातल्या एका बुधवारी अयूब आला. अयूब टपालाचा हरकारा. शहरातून टपालाची पिशवी घ्यायची आणि सडा, म्हणजे मधलं उघडं कातळपठार, ओलांडून आरे गावात पोचवायची, हे त्याचं काम. तीन वर्षं त्याच्यासोबत तांडेल नावाचा तांबडा कुत्रा धावत होता. गेले बारा दिवस मात्र हा तांडेल सड्याच्या मध्यावर पोचला की विव्हळत बसून घेई. मग अयूब एका खांद्यावर पिशवी आणि दुसऱ्यावर कुत्रा घेऊन ऊन तुडवी. एकदा तो भोवळ येऊन पडलाही होता. तेव्हापासून त्याच्या आईने, झुबेदाबीने, ठरवलं होतं की शुक्रवारी संध्याकाळच्या होडीने कुत्रा हेदवीला मामाकडे जाईल.

"आईचं चुकत नाय," अयूब तांडेलचा कान कुरवाळत म्हणाला. "पण आप्पानू, मी वळायच्या आधी हा वळतो. याच्याशिवाय मला धावायला यायचं नाय."

आप्पांनी तपास हाती घेतला. तीस वर्षं जकात कचेरीत कारकुनी केल्यामुळे त्यांच्याकडे शाईची गादी होती. त्यांनी तांडेलचे चारही पाय तीवर दाबून कागदावर ठसे घेतले. तांडेलने प्रत्येक ठशाला पाय मागे ओढला. आप्पांनी वहीत 'संशयित सहकार्य करीत नाही' अशी नोंद केली. प्रत्येक ठशाच्या मध्यावर शाई न लागलेला पांढरा डाग होता.

"सांकेतिक लिपी," आप्पा म्हणाले.

"भावोजी, पायाला काही लागलं असेल."

"लवू, तू कपडे शिव."

जकात कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला जमिनीखाली चोरटं सोनंच दिसायचं. कुत्रा बसतो तिथे सोनं पुरलंय, असा पहिला निष्कर्ष निघाला. गुरुवारी लवूने त्या जागी कुदळ मारली. सडा म्हणजे सलग जांभा दगड. कुदळीचं टोक वाकलं. पलीकडे काजूच्या सावलीत हफीजाबी बसली होती. ती रोज त्या कातळावर कोकमाची सालं वाळत घालायची. तिने कुदळीकडे पाहिलं, लवूकडे पाहिलं आणि सालं परतायला घेतली.

रात्रीतून दुसरा निष्कर्ष तयार झाला. पोफळीला विजेचा कारखाना उभा राहतोय. तिथली वीज दगडातून झिरपत इथवर आली.

"पण तिथे वीज अजून तयार व्हायची आहे, भावोजी."

"म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही."

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी होडी होती. झुबेदाबीने तांडेलच्या वाटेसाठी भाकरीही बांधून दिली होती. आप्पांनी शेवटचा उपाय काढला: घटनेची पुनर्रचना. ऐन दुपारी, त्याच जागी, कुत्र्याच्या भूमिकेत लवू. आप्पा बूट घालून, छत्री धरून उभे राहिले. अयूब पायातल्या जाड वहाणांनिशी बाजूला थांबला. तांडेल त्याच्या खांद्यावर होता.

लवू ओणवा झाला, दोन्ही तळवे कातळावर टेकले आणि तीन आकडे मोजण्याआधी उठून नाचू लागला.

"धक्का!" आप्पा आनंदाने म्हणाले. "वीज!"

हफीजाबी सावकाश उठून आली.

"आप्पानू, सकाळी टाकलेली सालं सांजेला इथं कडकडीत होतात," ती म्हणाली. "तुमच्या पायात बूट, याच्या पायात वहाणा. त्या मुक्या जिवाच्या पायात काय?"

तिने तांडेलचा पाय उलटा केला. तळव्याची कातडी सोलून आत लाल दिसत होतं. अयूबने कुत्र्याला सावलीत नेलं आणि मांडीवर घेतलं.

"तीन वर्षं नाही आणि आत्ताच कसं?" तळव्यांवर फुंकर घालत लवूने विचारलं. "बारा दिवसांपूर्वी काय बदललं?"

बदलली होती टपालाच्या मोटारीची वेळ. पहाटे यायची ती मोटार आता अकराला येऊ लागली होती. अयूबचा बाप खलाशी. माल चढला की होडी सोडायची, हे त्या घराचं वळण. पिशवी हातात पडली की अयूब निघायचा.

"आणि आऱ्यात पिशवी कधी पोचायला हवी?"

"दिवेलागणीपर्यंत."

"उघडतात कधी?"

अयूब तांडेलकडे बघत हळूच म्हणाला, "दुसऱ्या दिवशी सकाळी."

हफीजाबीने तेवढ्यात करवंटीत पाणी ओतून तांडेलपुढे ठेवलं होतं.

"पाय बरे होईपर्यंत त्याला घरी ठेव," ती म्हणाली. "मग ऊन कललं की निघ. हाताची पालथी बाजू दगडावर ठेवून दहा मोजायचे. हात राहिला तर धावायचं. जीभ लोंबायला लागली की थांबायचं, पाणी पाजायचं."

झुबेदाबीने सगळं ऐकून बेत मोडला आणि होडी तांडेलला न घेता सुटली. भाकरी त्याने सावलीतच संपवली.

आप्पांनी वहीत लिहिलं: 'गुन्हेगार सूर्य. आरंभापासून संशय होताच, परंतु आरोपी फार वरच्या जागेवरचा असल्याने पुरावा जमवावा लागला.'

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, सगळे सड्याच्या कडेला जमले. लवूचे हात बरे झाले होते, पण खोबरेल लावलेल्या बोटांना सुई अजून निसटत होती. अयूबने हात पालथा टेकवला आणि मोजू लागला. तांडेलनेही पुढचा एक पाय दगडावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. तो पाय तिथेच राहिला. अयूब आठपर्यंत आला असेल-नसेल, तांडेल सुटला.

"बघ, लवू," आप्पा छत्री मिटत म्हणाले. "माझी पद्धत किती लवकर उचलली त्याने."