दोन मिनिटांचा पंखा

"कुणाला कळणारसुद्धा नाही, साहेब! चालू राउटरचा जुना पंखा काढीन, नवा बसवीन. वरच्या मजल्यावर तुमची बैठक चालूच राहील!"

दुरुस्तीवाला फुशारकी मारून बसला खरा, पण आता काम बिघडून चालणार नव्हतं. त्याला नोकरीत कायम करायचं की नाही, हे मुख्य कचेरी त्याच बैठकीत पडद्यावरून ठरवणार होती.

मागच्या वेळी हाकेला धावून आलेल्या एकाने वायर तुडवली होती. म्हणून त्याने दारावर पाटी लावली: 'काम चालू. हाक मारली तरी आत येऊ नये.' मग अंगातल्या विजेची ठिणगी यंत्राला लागू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधला. त्याच्या वायरीचा चिमटा राउटरच्या लोखंडी मांडणीला लावायचा असतो; तो त्याने, न बघताच, हाताला लागलेल्या लोखंडाला अडकवला आणि पंखा ओढून काढला.

घरघर थांबली. आता दोन मिनिटांत नवा पंखा बसला नाही, तर तापलेला राउटर स्वतःच बंद होणार आणि बैठक तुटणार!

आणि नवा पंखा? तो मागच्या टेबलावर! हात लांबवला, तर पट्ट्याने मागे खेचला. पट्टा सोडून पुन्हा बांधता येतो, हे घाबरलेल्या माणसाला कुठलं सुचायला!

"काकू! ओ काकू!"

कचेरीत फोन जोडून द्यायला या काकू होत्या आणि सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते.

"नाही येणार!" दाराबाहेरून काकू म्हणाल्या. "पाटी वाचलीय मी!"

"अहो, पाटी मीच लावलीय!"

"मग तुम्हाला ठाऊक असायला हवं!"

"काकू, पाया पडतो! माझी नोकरी चालली हो!" आवाज खाटकाच्या दारातल्या बोकडासारखा झाला होता.

दार उघडलं. काकूंनी पंखा उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो आत ढकलला. खट्! घरघर सुरू झाली.

"बांधून कशाला घेतलंय स्वतःला?"

"मांडणीला, काकू. नियम आहे."

काकूंनी वाकून पाहिलं. "मांडणीला कुठलं! चिमटा तुमच्याच कमरेच्या किल्ल्यांना आहे!"

तेवढ्यात फोन वाजला. काकू धावल्या. उघड्या दारातून त्याला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"बैठक एकदाही तुटली नाही? कायम केलंत त्याला? बरं झालं, साहेब! ...कोण ओरडत होतं? काय की! दारावर पाटी आहे ना, आत जाता येत नाही!"