भाऊजींनी धरलेली जागा

आमचे सुखदेव भाऊजी एसटीत चढण्याआधी त्यांचा दुपट्टा चढतो. चिखलीच्या स्टँडवर उंद्रीची गाडी वळण घेत असतानाच तो पांढरा दुपट्टा खिडकीतून आत जातो आणि बाकावर असा पसरतो की दोन माणसांची सोय झालीच म्हणून समजा. त्या दोघांत भाऊजी स्वतः कधीच नसतात. कडेवर पोर घेतलेली एखादी बाई असते, नाहीतर दवाखान्यातून निघालेला कोणी अनोळखी म्हातारा. भाऊजी त्यांना बसवतात, "तुमच्यासाठीच धरली होती," म्हणतात आणि दांड्याला धरून उंद्रीपर्यंत उभे राहतात.

हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावात भाजीपाल्याचा मळा आहे, पण त्यांचा खरा धंदा जागा धरण्याचा. कीर्तन असो, लग्नाची पंगत असो, घरातून सतरंजी घेऊन सगळ्यात आधी निघणार ते. "तू ये आरामात, मी हाओ ना, जागा धरून ठेवतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नमस्कारापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. सगळे बसले की हे मात्र खांबाला टेकून उभे. विचारलं तर म्हणणार, "मी उभाच बरा."

ताई होती तोवर हे चालत नसे. ती थोडी सरकायची आणि यांची बाही धरून खाली ओढायची. मग बसायचे, लाजत. ताई गेली आणि बाही ओढणारं कोणी राहिलं नाही.

त्यांची मुलगी वैशाली जपानमध्ये, नागोया शहरात नोकरीला लागली. वसंतात चेरी फुलते, शहरभर उत्सव असतो, बाबांना घेऊन ये, असं तिने मला कळवलं. माझं चिखलीत कापडाचं दुकान आहे आणि माझं इंग्रजी विमानतळ ओलांडण्याइतपत आहे. तेवढ्या भांडवलावर आम्ही निघालो. भाऊजींच्या बॅगेत दोन धोतरं, ठेच्याचा डबा आणि बाकी सगळी सतरंजी होती. मी विचारलं, ही कशाला? तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं असावं की पाय कशाला घेतले.

तिथे पोचल्यावर मात्र त्यांचा पार हिरमोड झाला. त्या देशात जो तो रांगेत. फलाटावर रेषा आखलेल्या, लोक त्या रेषांवर गुपचूप उभे. एकदा गाडी येताना भाऊजींचा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला तो मी वरच्यावर धरला. चार दिवसांत माणूस सुकला. "इथं कोणाले आपली गरजच नाही बे," असं म्हणून ते खिडकीशी उभे राहायचे.

पाचव्या संध्याकाळी वैशाली कामावरून रडवेली आली. ऑफिसातले सगळे उद्या बागेत चेरीच्या झाडाखाली जेवायला बसणार होते. पहाटे जाऊन चादर अंथरायची आणि सगळे येईपर्यंत ती राखायची, हे काम रिवाजाप्रमाणे नव्या माणसाचं, म्हणजे तिचं. नेमकी सकाळीच तिची मोठी मीटिंग होती. नाही म्हणायची सोय नव्हती. आधीच ऑफिसात ती दुपारचा डबा एकटी खात होती. ही एक संधी होती त्यांच्यात बसायची, तीही जाणार.

भाऊजींनी सगळं दोनदा विचारून घेतलं. जागा धरायची? झाडाखाली? दिवसभर? त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"तू जाय मीटिंगले," ते म्हणाले. "ये आरामात. मी हाओ ना."

उजाडता उजाडता आम्ही बागेत. भाऊजींनी सतरंजी अंथरली, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या, दोन त्यांच्या आणि दोन माझ्या, आणि काठावर पहारा सुरू केला. शेजारी निळी ताडपत्री अंथरून एक टोपीवाले आजोबा बसले होते, नातवंडांसाठी जागा धरून. दोघांनी एकमेकांना असं पाहिलं, जसा पहिलवान पहिलवानाला पाहतो. तासाभरात आजोबा जपानीत आणि भाऊजी वऱ्हाडीत गप्पा मारू लागले. आजोबा पाय मोकळे करायला गेले की भाऊजी दोन्ही संस्थानं सांभाळत.

एकाच गोष्टीवरून दोघांचं बिनसलं. वरून पाकळ्या पडत होत्या आणि भाऊजी दुपट्ट्याने त्या झटकत होते. "कचराच कचरा पडून राह्यला," म्हणत त्यांनी सतरंजी लख्ख ठेवली. ज्या पाकळ्या पाहायला लोक लांबून आले होते त्या झटकताना पाहून आजोबांच्या काळजाचं पाणी होत होतं. मी म्हटलं, भाऊजी, वर तरी बघा. ते म्हणाले, वर पाहिलं की खाली कोणी बसते.

दुपारी ऑफिसची मंडळी आली. साऱ्या बागेत प्लास्टिकच्या ताडपत्र्या आणि मधोमध आमच्या उंद्रीची लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी. लोकांनी बूट काढून काठाशी ओळीने लावले. ते पाहून भाऊजी मला हळूच म्हणाले, घरचेच लोक दिसतात. तेवढ्यात वैशाली धावत पोचली. साहेबांनी तिला काहीतरी विचारलं. तिने ताठ मानेने उत्तर दिलं आणि सगळी माणसं भाऊजींकडे वळून कमरेत वाकली. मला तिने नंतर सांगितलं, इतकी चांगली जागा कोणी धरली असं त्यांनी विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, माझ्या बाबांनी. खरं सांगतो, साहेब वाकले तेव्हा मी उगाच छाती काढून उभा होतो, जणू सतरंजी माझ्याच दुकानातली.

मंडळी दाटीवाटीने बसली. वैशालीला मधोमध बसवलं, दोघी-तिघींनी तिच्यापुढे आपले डबे उघडले. भाऊजींनी ते डोळे भरून पाहिलं. मग नेहमीसारखे मागे सरकले, तिच्या पाठीमागच्या बुंध्याला टेकले.

वैशालीने मान वळवली. शेजारणीला काहीतरी सांगून ती जराशी सरकली, मोकळ्या झालेल्या जागेवर आपली ओढणी पसरली, आणि हात लांब करून बापाची बाही धरून खाली ओढली. अगदी ताईसारखी.

भाऊजी बसले. बराच वेळ त्या बाहीकडेच पाहत राहिले. त्यांच्या गुडघ्यावर एक पाकळी पडली, ती त्यांनी झटकली नाही. मग सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि तशीच ठेवली, डोळ्यांतलं खाली येऊ नये म्हणून असेल.

"काऊन बे," ते मला म्हणाले, "इतके फुलं सकाळपासूनच होते काय वर?"