मार्थामावशींचं उसनं

बावधनच्या आमच्या इमारतीत दिवेलागणीला बेल वाजली की आई दार उघडण्याआधीच विचारते, "आज काय हवंय?" दारात मार्थामावशी असतात. कधी काडेपेटी, कधी सुई, कधी अर्धं लिंबू. "परत आणून देते गं," म्हणतात. कधीच देत नाहीत.

मावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान पॉलकाका पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झाले, हा फ्लॅट घेतला आणि थोड्याच दिवसांत गेले. मावशींची उसनवारी त्यानंतर सुरू झाली. काडेपेटी हातात पडायला क्षणभर लागतो, मावशी उठायला तासभर. एकदा मीठ मागायला आल्या आणि आमच्या आमटीत मीठ कमी आहे, हे सांगून गेल्या. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या स्टेलाआंटींनी एकदा टाळायचं म्हणून "लिंबू संपलंय हो" सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग कडीपत्ता चालंल."

मी चळवळीतली मुलगी. जवळच्या चांदे गावाच्या बाजूला टॉवर उठतायत. जाहिरातीत डोंगर दिसतो, पोहण्याचा तलाव दिसतो. ते टॉवर उभारणारी माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि एका नळावर भांडतात, ते दिसत नाही. यावर मी पत्रकं लिहिते. लोक ती घेतात, छान घडी घालतात आणि भज्यांचं तेल टिपतात.

म्हणून आमच्या चर्चच्या फादरांनी 'गरजू शेजाऱ्यांविषयी करुणा' या एक दिवसाच्या रिट्रीटसाठी, म्हणजे मौन-प्रार्थनेच्या शिबिरासाठी मदत मागितली, तेव्हा मी अट घातली. नुसते डोळे मिटून करुणा चालणार नाही. मिस्सेत, म्हणजे शेवटच्या उपासनेत, अर्पणाच्या वेळी प्रत्येकाने घरातली वापरायची वस्तू वेदीपुढे ठेवायची, संध्याकाळी ती त्या मजुरांच्या वस्तीवर जाईल. फादर "बरं" म्हणाले. ते सगळ्यालाच बरं म्हणतात.

मुळशी धरणाच्या पाण्याजवळ एक साधं रिट्रीट हाऊस आहे, तिथे आम्ही जमलो. प्रवचन झालं, मग मिस्सेपर्यंत मौन. मौन मावशींनीही पाळलं, म्हणजे खुणांनी बोलल्या. माझी ओढणी लोळतेय हे मला, आणि घोरू नका हे स्टेलाआंटींना.

मिस्सेत अर्पणाची रांग निघाली. कुणी कंपनीचं नाव छापलेला मग ठेवला, कुणी चेन तुटलेला रेनकोट. याला वापरायची वस्तू म्हणतात! माझं डोकं तापलं. शेवटी मावशी आल्या, दोन पिशव्या घेऊन. पिशव्या रिकाम्या व्हायला लागल्या. काडेपेट्या, सुया, रिळं, मेणबत्त्या, साबणाच्या वड्या, कात्री.

"अगं बाई, ही तर माझी कात्री!" स्टेलाआंटी भर मिस्सेत ओरडल्या.

"आणि ती मेणबत्ती आमची," मागून कुणी म्हणालं. फादरांना खोकला आला.

जेवताना आंटींनी गाठलंच. "मार्थाबाई, आमच्याच वस्तू देवाला होय?"

"देवाला न्हाई, वस्तीला. पोरीच्या कागदात लिवलंय ना, सुई-दोरा पायजे, काड्यापेट्या पायजेत."

माझं पत्रक कुणीतरी वाचलं होतं! तरी मी तोंडावर विचारलं, "मावशी, तुम्ही यातलं काहीच वापरलं नाहीत. मग मागत कशाला होतात?"

भात कालवणारा हात थांबला. "काका गेल्यावर मी कालवणाची वाटी घेऊन फिरायची. लोक दारातनंच म्हनायचे, नको हो, आत्ताच जेवलो. आन् दार लोटायचे. मागाय गेलं की म्हनत्यात, या, आत बसा."

स्टेलाआंटी ताटातलं वरण उगाच ढवळू लागल्या.

"आता सगळ्यास्नी कळलंय," मावशी म्हणाल्या. "आता कोन देतंय मला?"

हे त्यांना पिशव्या भरतानाच ठाऊक होतं. आम्ही अडगळ आणली होती. मावशींनी त्यांच्यासाठी उघडणारी इमारतीतली सगळी दारं आणून ठेवली होती.

त्या दिवशी वस्तीवर सगळ्यात आधी सुया आणि काडेपेट्या संपल्या. मग दिवेलागण झाली, पण बेल वाजली नाही. "लिंबू काढून ठेवलंय," आई उगाचच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही वाजली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी वर गेले आणि मावशींची बेल दाबली.

"मावशी, काडेपेटी आहे का?"

"सगळ्या तूच न्हेल्यास की गं वस्तीवर!"

"मग आता?"

"मग काय? ये, आत बस." मला खुर्चीत बसवून त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"स्टेलाकडं. काडेपेटी घिऊन येते तुला."

समोरची बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. मग स्टेलाआंटी म्हणाल्या, "बाहेर काय उभ्या राहिलात? या, आत बसा."

मी खुर्चीत नीट मागे टेकून बसले. काडेपेटी यायला आता तासभर तरी लागणार होता.